पाकिटावरचे फॅटचे टक्के: नेमके कशाचे?

समजा, तुमच्या हातात शेवेचं दीडशे ग्रॅमचं पाकीट आहे. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे असं छापलंय: ऊर्जा ५६० किलोकॅलरी, प्रथिनं १२ ग्रॅम, कर्बोदकं ४७ ग्रॅम, एकूण फॅट ३६ ग्रॅम, त्यातलं सॅच्युरेटेड (संपृक्त, म्हणजे जास्त झालं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारं) १४ ग्रॅम. बाजारातल्या तळलेल्या शेव-फरसाणाचे आकडे बहुतेक याच घरात असतात. आता या पाकिटात फॅट किती टक्के, असं विचारलं तर ३६, १६, ८१ आणि ५८ ही चारही उत्तरं बरोबर आहेत.

३६ टक्के हा वजनातला वाटा. शंभर ग्रॅम शेवेत छत्तीस ग्रॅम तेल, इतकं सरळ. १६ टक्के हा कंपनीने ठरवलेल्या ३० ग्रॅमच्या एका ‘सर्व्ह’चा, म्हणजे एका वेळच्या वाढपाचा, आकडा: ३० ग्रॅम शेवेत १०.८ ग्रॅम फॅट येतं आणि ते दिवसभरासाठी नियमाने धरलेल्या ६७ ग्रॅमच्या सुमारे १६ टक्के भरतं. अख्खं पाकीट संपवलं तर फॅट होतं ५४ ग्रॅम, म्हणजे त्याच ६७ ग्रॅमचे ८१ टक्के. आणि ५८ टक्के हा कॅलरींमधला वाटा. एक ग्रॅम फॅटमधून ९ किलोकॅलरी मिळतात; ३६ गुणिले ९ म्हणजे ३२४; ५६० पैकी ३२४ म्हणजे ५८ टक्के.

पाकीट वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका या चार आकड्यांच्या सरमिसळीतून होतात. कोणी ‘फक्त १६ टक्के फॅट आहे’ म्हणून पाकीट निवडतो आणि शेजारच्या पाकिटावरचे वजनाचे ३० टक्के बघून ते बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात दुसऱ्यात फॅट कमी असतं. म्हणून टक्का दिसला की आधी विचारायचं: कशाचा?

६७, २२ आणि २

भारतात पाकिटामागचा तक्ता एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे छापला जातो. एका रकान्यात १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलीटरमागचे आकडे असतात. त्याच्या जोडीला एका सर्व्हमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही द्यावं लागतं. या दुसऱ्या रकान्यावर ‘% आरडीए’ (आरडीए म्हणजे दिवसाची शिफारस केलेली मात्रा) असं लिहिलेलं असतं. त्यामागचा हिशेब ठरलेला आहे: दिवसाला २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट (मुख्यतः वनस्पती तुपासारख्या गोठवलेल्या तेलातलं, हृदयाला घातक फॅट) २ ग्रॅम. ६७ ग्रॅम फॅटमधून सुमारे ६०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे २००० च्या ३० टक्के. २२ ग्रॅम सॅच्युरेटेडमधून सुमारे २००, म्हणजे १० टक्के. हे तीन आकडे लक्षात ठेवले तर आरडीएचा रकाना वाचायचीही गरज उरत नाही.

आता या रकान्यातली मेख. सर्व्ह किती ग्रॅमचा धरायचा हे कंपनी ठरवते. एकाच प्रकारच्या दोन चिवड्यांमध्ये एकीने १५ ग्रॅम धरला आणि दुसरीने ३०, तर पहिलीचा टक्का आपोआप निम्मा दिसतो. मिसळीवर आपण जे मूठभर फरसाण घालतो तेच सहज ४०-५० ग्रॅम भरतं. त्यामुळे दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर नेहमी १०० ग्रॅमचाच रकाना बघावा, आणि आपल्या पोटात किती जातंय हे काढायचं असेल तर वजनकाट्यावर एकदा आपली नेहमीची वाटी मोजून घ्यावी. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा यासाठी पुरतो. वाटीचं वजन एकदा कळलं की पुढे कायम उपयोगी पडतं.

याला अपवाद तूप, तेल, लोणचं यांच्यासारख्या जिनसांचा. तुपाच्या डब्यावर १०० ग्रॅममागे फॅट जवळजवळ १०० ग्रॅम असणारच; मानकाप्रमाणे तुपात किमान ९९.५ टक्के दुधाचं फॅट असावं लागतं. तिथे १०० ग्रॅमचा आकडा बघून दचकण्यात अर्थ नाही. तुम्ही एक लहान चमचा घेता, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. तेलाचंही तेच. बाटलीवर लिटर लिहिलेलं असतं, पण तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. चहाचा चमचा ५ मिलिलीटरचा, त्यात साडेचार ग्रॅम तेल. मोठा चमचा १५ मिलिलीटरचा, त्यात साडेतेरा ग्रॅमच्या पुढे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम फॅट निव्वळ तेलातून जातंय. ६७ ग्रॅमच्या निम्म्याहून जास्त तिथेच संपलं. दूध, तूप, शेंगदाणे, खोबरं आणि पाकिटं यांना उरलेल्या २९ ग्रॅममध्ये बसायचंय. शेवेच्या एका सर्व्हचे १०.८ ग्रॅम या २९ मध्ये धरून बघा, मग १६ टक्के किती मोठे आहेत ते समजतं.

लहान मुलांच्या बाबतीत हा रकाना आणखी फसवा आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. दोन हजार किलोकॅलरींचा हिशेब सरासरी प्रौढ माणसाचा आहे. पाच वर्षांच्या मुलाची रोजची गरज साधारण १३५० किलोकॅलरी असते. त्याच्या ३० टक्के धरले तर फॅट ४५ ग्रॅम येतं. त्याने तीच ३० ग्रॅम शेव खाल्ली तर पाकिटावरचे १६ टक्के त्याच्यासाठी २४ टक्के होतात. पाकिटावर कार्टून मुलांचं असलं तरी मागचा टक्का मोठ्या माणसाचाच असतो.

एकूण फॅटखालची ओळ

‘एकूण फॅट’च्या खाली सॅच्युरेटेडची ओळ असते. माझ्या मते तक्त्यातली सगळ्यांत उपयोगी ओळ हीच. २२ आणि ६७ यांचं गुणोत्तर साधारण एकास तीन आहे. म्हणून सॅच्युरेटेडचा आकडा एकूण फॅटच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त आहे का, एवढं बघायचं. आपल्या शेवेत ३६ पैकी १४, म्हणजे ३९ टक्के. हा आकडा पाहूनच तळणीचं तेल ओळखता येतं. शेंगदाणा तेलात सॅच्युरेटेड १७ ते २० टक्के असतं, सूर्यफुलाच्या तेलात १०-११ टक्के. बेसनाचं स्वतःचं फॅट थोडं आणि तेही बहुतांशी अनसॅच्युरेटेड. म्हणजे शेंगदाणा तेलात तळलेल्या शेवेत १४ ग्रॅम येऊच शकत नाहीत, फार तर सात. १४ आले म्हणजे तेल बहुधा पामोलीन (पाम तेलाचा पातळ भाग). मग घटक पदार्थांची यादी बघा, तिथे पामोलीन लिहिलेलं सापडेल. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे तेल दुसऱ्या क्रमांकावर असेल तर पीठ-डाळीनंतर सर्वांत जास्त वाटा तेलाचाच.

याच ओळीमुळे शेंगदाण्यांवरचा अन्यायही दूर होतो. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ४५ ते ५० ग्रॅम फॅट दिसतं आणि लोक घाबरतात. पण त्यातलं सॅच्युरेटेड सात-आठ ग्रॅमच असतं. क्रीमच्या बिस्किटात एकूण फॅट २० ग्रॅमच दिसेल, पण त्यातलं निम्मं सॅच्युरेटेड असतं. एकूण फॅटच्या आकड्यावर निवड केली तर माणूस दाणे सोडून बिस्किटाकडे जातो. हे उलटं झालं. खोबऱ्याच्या बाबतीत मात्र लेबल खरंच जड येणार: खोबरेल तेलात सॅच्युरेटेडचा वाटा ८५ ते ९० टक्के असतो, त्यामुळे खोबऱ्याची वडी, सुक्या खोबऱ्याची चटणी यांत एकूण आणि सॅच्युरेटेड हे दोन आकडे जवळजवळ चिकटलेले दिसतात. ती छपाईची चूक नसते.

ट्रान्स फॅटबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२२ पासून भारतात पदार्थातल्या एकूण तेल-तुपाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त ट्रान्स फॅट चालत नाही. आपल्या शेवेत ३६ ग्रॅम फॅट आहे, म्हणजे जास्तीत जास्त ०.७२ ग्रॅम. दूध-तुपात नैसर्गिक ट्रान्स फॅट थोडंसं असतंच. तक्त्यातल्या या ओळीत ते धरत नाहीत. ‘ट्रान्स फॅट फ्री’ असा दावा करायला १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं. वनस्पती तूप बदललं, नियम कडक झाले, पण ट्रान्स फॅट काढताना त्याची जागा पुष्कळदा पाम तेलाने घेतली. म्हणून ‘झिरो ट्रान्स फॅट’ असं ठळक छापलेलं दिसलं की नजर लगेच सॅच्युरेटेडच्या ओळीवर न्यावी.

आणखी एक पडताळा: फॅट गुणिले ९, कर्बोदकं गुणिले ४, प्रथिनं गुणिले ४, आणि तिन्हींची बेरीज. आपल्या शेवेत ३२४, १८८ आणि ४८ म्हणजे बरोबर ५६०. तंतुमय पदार्थ जास्त असतील तर थोडा फरक पडतो. पण पन्नास-शंभराचा फरक पडत असेल तर त्या तक्त्यावर विसंबू नये.

दुधाची पिशवी

दुधावरचा टक्का हा वजनातला टक्का, आणि तो कायद्याने बांधलेला आहे. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५, आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त ०.५. पिशवीचा रंग बघून दूध घेऊ नका. प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे. शब्द वाचा. पिशवीवर फॅटच्या शेजारी एसएनएफचाही टक्का असतो: फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, म्हणजे प्रथिनं, लॅक्टोज (दुधातली साखर) आणि क्षार. टोन्डमध्ये तो ८.५ असतो, फुल क्रीममध्ये ९. गावाकडे डेअरीत दूध घालणाऱ्याला हे दोन आकडे कुणी समजावून सांगायला लागत नाहीत. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर बोलला जातो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ वर, आणि पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. शहरात तेच दूध विकत घेणारा मात्र पिशवी कापून फेकून देतो आणि आकडा वाचत नाही.

तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, हे विसरून चालणार नाही. टोन्ड दुधाच्या १०० मिलिलीटरमध्ये सुमारे ५८ किलोकॅलरी असतात आणि त्यातल्या २७ फॅटमधून येतात, म्हणजे ४७ टक्के. फुल क्रीममध्ये हा वाटा साठीच्या पुढे जातो. परदेशात ‘९७ टक्के फॅट फ्री’ अशी पाटी लावलेले पदार्थ दिसतात. त्या न्यायाने आपलं टोन्ड दूधही ९७ टक्के फॅट फ्री आणि फुल क्रीम ९४ टक्के. पाणी जास्त असलेल्या कुठल्याही पदार्थाला ही पाटी लावता येते.

रोजच्या हिशेबासाठी: २०० मिलिलीटर टोन्ड दुधात ६ ग्रॅमच्या थोडं वर फॅट, म्हणजे ६७ ग्रॅमच्या ९ टक्के. पण दुधाच्या फॅटमध्ये सॅच्युरेटेडचा वाटा ६० टक्क्यांच्या वर असतो. त्यामुळे त्याच पेल्यात सुमारे ४ ग्रॅम सॅच्युरेटेड येतं आणि तो टक्का १८ च्या घरात जातो. फुल क्रीम घेतलं तर दुप्पट. दिवसाला दोन पेले फुल क्रीम दूध पिणाऱ्याचा सॅच्युरेटेडचा सत्तर टक्के कोटा तिथेच भरतो. ज्यांना डॉक्टरांनी सॅच्युरेटेड कमी करायला सांगितलंय त्यांनी आधी दुधाचा प्रकार बदलावा. पोळीवरचं तूप त्यानंतर.

साय येत नाही म्हणजे दुधात फॅट नाही, हा समज मात्र डोक्यातून काढायला हवा. होमोजिनाइज्ड दुधात फॅटचे गोळे दाबाने इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जाड थर धरत नाहीत. फॅट तेवढंच असतं, फक्त दुधात पसरलेलं. गाईच्या नावाने मिळणाऱ्या कित्येक पिशव्या होमोजिनाइज्ड असतात, म्हणून साय पातळ येते आणि घरी तूप फारसं निघत नाही. उलट, होमोजिनाइज न केलेलं दूध तापवून, गार करून जाड साय काढून घेतली तर खाली उरलेल्या दुधाला पिशवीवरचा टक्का लागू होत नाही. त्यातलं बरंच फॅट सायीबरोबर विरजणाच्या भांड्यात गेलं. एक लिटर फुल क्रीम दुधात एकूण फॅट सुमारे ६२ ग्रॅम. त्यामुळे लिटरमागे त्याहून जास्त तूप निघणं शक्य नाही, आणि सगळं फॅट सायीत येत नसल्याने प्रत्यक्षात कमीच निघतं.

चीज, पनीर आणि श्रीखंड: कोरड्या भागाचा टक्का

इथे टक्क्याचा आणखी एक प्रकार भेटतो. चीज-पनीरमध्ये पाण्याचं प्रमाण कमी-जास्त होत राहतं, म्हणून मानकं पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागावर लावतात. प्रोसेस्ड चीजमध्ये कोरड्या भागाच्या किमान ४० टक्के दुधाचं फॅट हवं आणि पाणी जास्तीत जास्त ४७ टक्के. पाणी ४७ तर कोरडा भाग ५३, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे २१ ग्रॅम. म्हणजे ‘४० टक्के’ वाचलेल्या चीजच्या १०० ग्रॅममध्ये फॅट २१ ग्रॅमच्या पुढे कुठेतरी असतं. पनीरला कोरड्या भागाच्या किमान ५० टक्के. ५५ टक्के पाणी असलेलं पनीर धरलं तर १०० ग्रॅममागे साडेबावीस ग्रॅम. युरोपात राहणाऱ्यांना हे रोज दिसत असेल: गौडा चीजवरचा ४८+ हा कोरड्या भागाचा टक्का. त्याच पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममागे फॅट ३० ग्रॅमच्या आसपास छापलेलं असतं. दोन्ही खरे.

श्रीखंडाचं लेबल वाचताना लोक चक्रावतात ते याच कारणाने. श्रीखंडात घन पदार्थ किमान ५८ टक्के आणि त्या कोरड्या भागाच्या किमान ८.५ टक्के फॅट असं मानक आहे. ५८ चे ८.५ टक्के म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. इतक्या तुपट चवीच्या पदार्थात पाचच ग्रॅम? हो, कारण कोरड्या भागातला सिंहाचा वाटा साखरेचा, ती ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे १०० ग्रॅम श्रीखंडात साखर ४२ ग्रॅमपर्यंत असू शकते. ‘लो फॅट श्रीखंड’ घेताना फॅटची ओळ सोडून अ‍ॅडेड शुगरची ओळ वाचावी.

बटरमध्ये किमान ८० टक्के फॅट आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी. पाव किलो बटर कढवलं तर २०० ग्रॅमच्या आसपास तूप पडायला हवं. बटरसारखेच दिसणारे फॅट स्प्रेड वेगळे. त्यांत फॅट ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कितीही असू शकतं, आणि ते डब्यावर लिहिलेलं असतं. पावाला लावायला हरकत नाही, पण नानकटाई बिघडते ती इथेच. शंभर ग्रॅम मैद्याला ६० ग्रॅम तूप लागत असेल तर तेवढ्याच फॅटसाठी बटर ७५ ग्रॅम घ्यावं लागेल, आणि ६० टक्क्यांचं स्प्रेड १०० ग्रॅम. त्या १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमच्या जवळपास पाणी आलं. पाणी मिळालं की मैद्यातल्या प्रथिनांपासून चिवट ग्लुटेन तयार होतं, पीठ चिकट होतं, नानकटाई कडक होते आणि तोंडात विरघळत नाही. ‘आमचं प्रमाण बरोबर होतं’ असं म्हणणाऱ्यांनी डब्यावरचा फॅटचा टक्का बघावा.

पुढच्या बाजूचे दावे

पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे शब्द असतात त्यांनाही नियम आहेत. ‘लो फॅट’ म्हणायला घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत आणि द्रवात १०० मिलिलीटरमागे १.५ ग्रॅमपर्यंत फॅट चालतं. ‘फॅट फ्री’ला मर्यादा ०.५ ग्रॅम. म्हणजे टोन्ड दूध या व्याख्येत लो फॅट नाही. खरी गोची ‘कमी फॅट’, ‘लाइट’ अशा तुलनेच्या शब्दांत आहे. तिथे मूळ पदार्थापेक्षा किमान २५ टक्के कमी एवढंच लागतं. आपल्या शेवेतलं ३६ चं फॅट २७ वर आणलं की दावा खरा ठरतो, आणि तरीही ३० ग्रॅममध्ये ८ ग्रॅम फॅट राहतंच. ‘बेक्ड’ हा शब्दही फॅटबद्दल काही सांगत नाही. भाजल्यावर वरून तेल फवारतात किंवा पिठातच भरपूर घालतात. मागचा तक्ताच वाचायचा.

वनस्पतिजन्य तेलावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला मी काहीच महत्त्व देत नाही. ते कुठल्याच शेंगदाणा-करडई-सूर्यफूल तेलात नसतं.

आणि आरडीएचा टक्का कोणत्या अवस्थेतल्या पदार्थाचा, हेही बघावं लागतं. गुलाबजामच्या मिक्सवर छापलेलं फॅट त्या कोरड्या पुडीचं. तळताना गोळ्यांनी प्यायलेलं तूप त्यात नाही. उडदाच्या पापडावर फॅट नाममात्र दिसतं, कारण तक्ता कच्च्या पापडाचा. तळला की हिशेब बदलतो, भाजला तर तसाच राहतो. झटपट नूडल्सचं नेमकं उलट: वडी कारखान्यातच तळलेली असते, म्हणून घरी थेंबभर तेल न घालताही १०० ग्रॅममागे पंधरा ग्रॅमच्या आसपास फॅट असतं.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये देशी दुकानातून हीच शेव घेतली तर टक्का वेगळा दिसेल. अमेरिकेत दिवसाचं फॅट ७८ ग्रॅम आणि सॅच्युरेटेड २० ग्रॅम धरतात. इंग्लंडमध्ये ७० आणि २०. त्यामुळे १०.८ ग्रॅम फॅट भारतात १६ टक्के, इंग्लंडमध्ये १५ आणि अमेरिकेत १४. सॅच्युरेटेडचे ४.२ ग्रॅम मात्र भारतात १९ टक्के आणि त्या दोन्ही देशांत २१. ग्रॅम बदललेले नाहीत, भागाकारातला आकडा बदलला. अमेरिकेत सर्व्हमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असेल तर ० लिहिता येतं, म्हणून क्षणभर फवारायच्या तेलाच्या स्प्रेवरही फॅट शून्य दिसतं. इंग्लंडमधले पाकिटावरचे रंग अधिक सोपे: १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत फॅट हिरवं, १७.५ च्या वर लाल; सॅच्युरेटेड १.५ पर्यंत हिरवं, ५ च्या वर लाल. भारतातल्या पाकिटाला हीच मोजपट्टी मनातल्या मनात लावायला काहीच हरकत नाही.

लेबलच नसेल तर

सुट्या फरसाणाला आणि घरच्या फराळाला तक्ता नसतो, पण तो काढता येतो. चकलीचं उदाहरण घेऊ. भाजणी ५०० ग्रॅम, मोहनाचं तेल ५० ग्रॅम. तळणीपूर्वी कढईसकट तेलाचं वजन करा. शेवटचा घाणा निघाला की कढई पूर्ण गार होऊ द्या, तळाचा चुरा झाऱ्याने काढा आणि पुन्हा वजन करा. गरम कढई काट्यावर ठेवू नका. काटाही बिघडतो आणि भाजण्याचीही भीती. समजा १७५ ग्रॅम तेल कमी झालं. चकल्या निथळत ठेवलेला कागद आधी आणि नंतर तोलला तर त्यात १५ ग्रॅम तेल गेलेलं दिसेल. उरलं १६०. मोहनाचे ५०, भाजणीतल्या धान्य-डाळींचं स्वतःचं फॅट साधारण १५. एकूण २२५ ग्रॅम. तयार चकल्यांचं वजन ६८५ ग्रॅम भरलं तर टक्का आला ३३. वीस ग्रॅमच्या एका चकलीत साडेसहा ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या ६७ ग्रॅमच्या १० टक्के.

तेल पुरेसं तापलेलं नसेल तर हाच टक्का वाढतो, कारण चकलीवर कवच धरायला वेळ लागतो आणि ती कढईत जास्त वेळ राहते. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, भोकं पडतात आणि त्या भोकांत तेल भरतं. तळून काढल्याबरोबर, गरम असतानाच ती जाळीवर उभी निथळवावी. गार होताना आतली वाफ निवते, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. एकदा ते आत गेलं की कागदाने टिपून निघत नाही.